झिप, रार की सेव्हन-झेड? आधी फोल्डरच्या पोटात डोकवा

दिवाळी अंकाची शेवटची धावपळ चालू असते. गिरगावातल्या डीटीपीवाल्याला अख्ख्या अंकाचं फोल्डर लोअर परळच्या प्रेसला पाठवायचं असतं. झिप केलं, म्हणजे सगळ्या फाइल्स आवळून एका फाइलीत बांधल्या, तर समजा ८०० एमबीचं जेमतेम ७९० झालं. मग ‘हे सॉफ्टवेअर भिकार’ म्हणून दुसरं उतरवायचं, त्यात ७८७. दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो. फोल्डरमध्ये फोटोच फोटो असतात, आणि फोटो आधीच आवळलेले असतात.

आवळणं म्हणजे नेमकं काय, हे लोकलमधल्या घोषणेवरून कळतं. ‘पुढील स्टेशन दादर. पुढील स्टेशन माटुंगा रोड. पुढील स्टेशन माहीम.’ आवळणारा प्रोग्राम पहिलं वाक्य पूर्ण लिहितो. दुसऱ्यांदा ‘पुढील स्टेशन’ आलं की तो शब्द लिहीत नाही, फक्त दोन आकडे लिहितो: इतकं मागे जा, इतकं उचल. एब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ साली मांडलेली ही युक्ती. तिला डेव्हिड हफमन यांच्या १९५२ च्या युक्तीची जोड मिळते: जे चिन्ह वारंवार येतं त्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. फिल कॅट्झ यांनी १९८९ साली झिप आणलं. त्यात आज सर्रास वापरली जाणारी डिफ्लेट पद्धत म्हणजे या दोन युक्त्यांचा संसार.

मराठी मजकुराच्या बाबतीत यात एक गंमत आहे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या आजच्या सर्रास पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, अगदी अनुस्वारसुद्धा ३ बाइट खातो. वरच्या घोषणेत दुसरं ‘पुढील’ पहिल्यापासून ४९ बाइटांवर येतं, आणि ‘पुढील स्टेशन’ पुढच्या मोकळ्या जागेसकट ३५ बाइटांचं आहे. म्हणजे ‘४९ मागे जा, ३५ उचल’ असायला हवं. प्रत्यक्षात प्रोग्राम ३७ उचलतो! कारण त्याला अक्षरं दिसत नाहीत, बाइट दिसतात. ‘दादर’मधला द म्हणजे २२४, १६४, १६६ आणि ‘माटुंगा’मधला म म्हणजे २२४, १६४, १७४. पहिले दोन बाइट सारखेच, तेही फुकटात पदरात पडले. मराठी टेक्स्ट फाइल जागा जास्त खाते खरी, पण आवळायला घेतली की छान बसते, ती यामुळे.

मात्र डिफ्लेटची नजर ३२ केबीपर्यंतच मागे पोचते. देवनागरीच्या हिशेबात ही जेमतेम १०,९०० चिन्हं, मात्रा धरून. त्याआधी तेच वाक्य येऊन गेलं असलं तरी प्रोग्राम ते विसरलेला असतो. शिवाय झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र आवळली जाते. हाउसिंग सोसायटीच्या दहा वर्षांच्या सभांची इतिवृत्तं साध्या टेक्स्टमध्ये असतील, आणि प्रत्येकाची सुरुवात ‘आवश्यक गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब’ अशीच असेल, तर झिपला या साम्याचा फायदा घेता येत नाही.

इथे सेव्हन-झेड फॉरमॅट वरचढ ठरतो. इगोर पाव्लोव्ह यांच्या सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रामचा हा मूळ फॉरमॅट. त्यातल्या एलझेडएमए पद्धतीची नजर कित्येक एमबी मागे जाते, आणि ‘सॉलिड’ पर्यायात अनेक फाइल्स एकच सलग पट्टी धरून आवळल्या जातात. किंमतही मोजावी लागते. आतली शेवटची फाइल हवी असेल तर तिच्या आधीचं सगळं सोडवत यावं लागतं, आणि पट्टी सुरुवातीलाच खराब झाली तर पुढच्या फाइल्सही गेल्या.

आता फोटोंकडे. जेपीईजी, एमपी४, स्कॅन केलेली पीडीएफ यांच्यातलं पुनरावर्तन आधीच पिळून काढलेलं असतं. वर्डची डॉक्सएक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्स तर स्वतःच झिप असतात. खात्री करायची असेल तर एखाद्या डॉक्सएक्सची प्रत काढा, नावाच्या शेपटाला डॉक्सएक्सऐवजी झिप लिहा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर आणि त्यात मजकुराची एक्सएमएल फाइल दिसेल. अशा मालासाठी पातळी ‘स्टोअर’ निवडा: आवळायचं नाही, नुसतं गाठोडं बांधायचं. आकार तेवढाच, वेळ मात्र वाचतो. फोल्डर खरोखर लहान करायचं असेल तर फोटोंची लांबीरुंदी आणि स्कॅनचं रिझोल्यूशन कमी करावं लागतं. ते काम झिपचं नाही. याउलट चित्रांच्या न आवळलेल्या टिफ आणि बीएमपी फाइल्स कुठल्याही प्रोग्राममध्ये घसघशीत उतरतात.

म्हणून आधी फॉरमॅट ठरवा, प्रोग्राम मागाहून. आणि फॉरमॅट ठरवतो तो समोरचा. विंडोज १० ला स्वतःहून झिपच उघडता येतं; विंडोज ११ ला २०२३ मधल्या अपडेटपासून रार (झिपसारखाच आणखी एक फॉरमॅट) आणि सेव्हन-झेडही उघडता येतात. मॅक झिप आपसूक सोडवतो. बँक, सीए, सरकारी कचेरी यांना पाठवायचं असेल तर निमूटपणे झिप. घरच्या बॅकअपसाठी सेव्हन-झेड. रार बनवायला विनरार नावाचं सॉफ्टवेअर लागतं. ते विकतचं आहे, चाचणीची मुदत ४० दिवसांची. सेव्हन-झिप रार उघडतं, बनवत नाही. रारच्या पदरात एक खरा गुण आहे: ‘रिकव्हरी रेकॉर्ड’. थोडी जास्त जागा देऊन तो ठेवला, तर पेनड्राइव्हवरच्या फाइलचा छोटा तुकडा बिघडला तरी ती दुरुस्त करता येते. झिप आणि सेव्हन-झेड बिघाड ओळखतात, दुरुस्त करत नाहीत. बाकी बहुतेकांना सेव्हन-झिप पुरतं. दिसायला ते रुक्ष आहे. तेवढंच खटकत असेल तर पीझिप हा तसाच दुसरा प्रोग्राम घ्या. मॅकवर केका.

पासवर्ड लावताना मात्र सेव्हन-झिपच्या खिडकीत नीट बघा. झिप निवडलं की ‘एन्क्रिप्शन मेथड’मध्ये आपोआप झिपक्रिप्टो ही कुलूप लावायची जुनी पद्धत येते, आणि ती फोडण्याची रीत १९९४ पासून जाहीर आहे. तिथे एईएस-२५६ ही मजबूत पद्धत निवडा. मग ती फाइल विंडोज १० च्या घरच्या सोयीने उघडत नाही, समोरच्याकडेही सेव्हन-झिप लागतं. हे त्याला आधीच कळवा, नाहीतर ‘फाइल करप्ट आहे’ असा फोन ठरलेला. झिपमध्ये पासवर्ड असूनही आतल्या फाइल्सची नावं उघडी राहतात. ‘थकबाकीदार यादी’ हे नावच पुरेसं बोलकं असतं. नावंही झाकायची तर सेव्हन-झेड घेऊन ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण करा. पासवर्ड देवनागरीत ठेवू नका, दुसऱ्या मशीनवर तो कीबोर्डच नसला तर पंचाईत.

‘अल्ट्रा’ पातळीचा मोहही आवरा. एलझेडएमएची नजर जितकी मागे जाते तिला ‘डिक्शनरी’ म्हणतात. आवळताना तिच्या सुमारे ११ पट मेमरी लागते, आणि प्रोसेसरच्या जास्त धाग्यांवर (थ्रेड्सवर) काम वाटलं तर आणखी. सोसायटी ऑफिसच्या ४ जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर ६४ एमबी डिक्शनरीने सगळं ठप्प होऊ शकतं. किती मेमरी लागेल तो आकडा त्याच खिडकीत खाली लिहिलेला असतो.

सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही. ‘हेल्प’मध्ये ‘अबाउट’ उघडून आवृत्ती बघा; २५.०१ च्या आधीची असेल तर बदला. विनरार ७.१३ च्या आधीचं असेल तर तेही. त्याच्या जुन्या आवृत्त्यांतल्या सुरक्षेच्या भोकांतून २०२३ आणि २०२५ मध्ये खरोखरच हल्ले झाले. उतरवताना अधिकृत साइटच धरा, मिळत्याजुळत्या नावांच्या बनावट साइट असतात.

मराठीत नाव दिलेल्या फाइल्सची आणखी एक अडचण. लिनक्सवर एका नावाला साधारणपणे २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ याला आणखी शेपटं जोडत नाव ८५ चिन्हांपुढे गेलं, तर ते विंडोजवर चालतं आणि लिनक्सवर सोडवताना अडतं.

झिपच्या आतच डबल-क्लिक करून फाइल दुरुस्त करू नका. उघडते ती तात्पुरती प्रत, आणि आधी सेव्हन-झिपची खिडकी बंद केलीत की बदल गेले. आणि मूळ फोल्डर उडवण्याआधी तयार फाइलवर राइट-क्लिक, सेव्हन-झिप, ‘टेस्ट आर्काइव्ह’. चुका नाहीत असं त्यात दिसलं, तरच डिलीट.