मॅग्नेशियम ढिम्म का राहतं?

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी, जुलैच्या भर पावसात, मी एका गोल बुडाच्या फ्लास्ककडे पाऊण तास बघत बसलो होतो. आत ईथर हा द्रावक, तळाशी मॅग्नेशियमचा करडा कीस, त्यावर थोडं ब्रोमोबेन्झीन. एव्हाना धातूवरून बुडबुडे सुटायला हवे होते, ईथर गढूळ व्हायला हवं होतं. मॅग्नेशियम मात्र ढिम्म.

ही ग्रिन्यार अभिक्रिया. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्रास ‘ग्रिग्नार्ड’ म्हणतात. तिचा जन्मच एका बिघाडातून झाला, म्हणून ती मला फार जवळची वाटते. फ्रान्समधल्या ल्यों शहरात रसायनशास्त्राचे प्राध्यापक फिलिप बार्बिए सगळी द्रव्यं मॅग्नेशियमबरोबर एकदमच मिसळत. कधी जमे, कधी नाही. हे कोडं त्यांनी आपला विद्यार्थी व्हिक्टर ग्रिन्यार याच्याकडे सोपवलं. त्यानं कामाचे दोन टप्पे केले: आधी ईथरमध्ये मॅग्नेशियमचं संयुग तयार करायचं, मग त्यात कीटोन, म्हणजे त्या संयुगाशी जुळणारं दुसरं कार्बनी द्रव्य, घालायचा. १९०० साली हे प्रसिद्ध झालं आणि १९१२ साली त्याला रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

या संयुगातला कार्बन इलेक्ट्रॉन द्यायला इतका उतावीळ असतो की समोर पाणी आलं तर कीटोनची वाट बघत नाही. पाण्यातला हायड्रोजन ओढून घेतो आणि साधं बेन्झीन होऊन बसतो. हिशेब करून बघा. १५७ ग्रॅम ब्रोमोबेन्झीनपासून बनलेलं संयुग संपवायला १८ ग्रॅम पाणी पुरतं. मी ५ ग्रॅम ब्रोमोबेन्झीन घेतलं होतं. म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम पाणी, दहा-बारा थेंब, की सगळं मुसळ केरात.

पावसाळ्यात एवढं पाणी कुठूनही येतं. ओव्हनमधून काढलेला फ्लास्क उघड्यावर निवत ठेवला की आत बाष्प धरतं. ईथर झपाट्यानं उडतं आणि उडताना काच गार करतं, त्या गार काचेवर दव जमतं. माझ्या गार्ड ट्यूबमधलं, म्हणजे बाहेरची ओल अडवणाऱ्या नळीतलं, कॅल्शियम क्लोराइड तर ओल धरून गुळाच्या खड्यासारखं चिकट झालं होतं. ते मी आदल्या दिवशीच बघायला हवं होतं.

दुसरा अडसर मॅग्नेशियमवरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचा. तो फुटल्याशिवाय आतला धातू उघडा पडत नाही. त्यासाठी आयोडीनचा एखादा स्फटिक टाकतात. त्याचा तपकिरी रंग विरायला लागला की समजायचं, गाडी सुरू होतेय. कोरड्या काचकांडीनं कीस हलके चेचला तरी चालतं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. अभिक्रिया सुरू होत नाही म्हणून आणखी ब्रोमोबेन्झीन ओतू नका. ती अंगची उष्णता सोडते. साठलेल्या मालाची अभिक्रिया एकदम सुरू झाली की ३५ अंशांना उकळणारं ईथर कंडेन्सरमधून उसळून बाहेर येतं, आणि त्याच्या वाफा जरा दूरच्या ठिणगीनंही भडकतात. फ्लास्क गार करायला बर्फाचं पाणी हाताशी ठेवूनच काम करावं.

माझी अभिक्रिया शेवटी रडतखडत सुरू झाली. मग मी घाई केली आणि उरलेलं ब्रोमोबेन्झीन भराभर सोडलं. त्यात बेन्झोफिनोन हा कीटोन घातला. संध्याकाळी पांढरा घन पदार्थ मिळाला. हवं होतं संयुग आणि बेन्झोफिनोन जुळून बनणारं ट्रायफिनाइलमिथेनॉल, जे १६० अंशांच्या वर वितळतं. केशनळीतला माझा पदार्थ साठीच्या आतच, रेंगाळत वितळला. मिश्रण असलं की असंच होतं. पेट्रोलियम ईथर या वेगळ्या द्रावकानं तो धुतला, तर जवळजवळ सगळाच विरघळून गेला. ट्रायफिनाइलमिथेनॉल त्यात फारसं विरघळत नाही. मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर दोन मोठे ठिपके दिसले. एक आपल्या मूळच्या बेन्झोफिनोनचा, म्हणजे त्याला भेटायला संयुग उरलंच नव्हतं: पाण्याची करामत. दुसरा बायफिनाइलचा. तयार झालेलं संयुग शिल्लक ब्रोमोबेन्झीनवरच जाऊन आदळलं की ते बनतं: घाईची करामत. दोन चुका, दोन ठिपके.

पुढच्या आठवड्यात कॅल्शियम क्लोराइड नवं भरलं, फ्लास्क गरम असतानाच जोडला, ईथर सोडियमच्या तारेवर ठेवून कोरडं केलेलं घेतलं. ब्रोमोबेन्झीन ईथरमध्ये पातळ करून थेंबाथेंबानं सोडलं. खालचं कोमट पाणी काढून घेतलं तरी ईथर आपलं आपण उकळत राहिलं, आणि द्रावणाला कोऱ्या चहाचा रंग चढला. दोन दिवस वाळवलेले स्फटिक १६१ अंशांना वितळले.