बांगडी, कढई आणि डर्कचा फेडअवे

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाने आपला लाडका खेळाडू लुका डॉन्चिच लेकर्स संघाला देऊन टाकला, तेव्हा संतापलेले चाहते स्टेडियमबाहेरच्या एका पुतळ्यापाशी जमले. काहींनी फुलं वाहिली, कुणी चक्क शवपेटी आणून ठेवली. पुतळा डर्क नोवित्स्कीचा. एक पाय टेकलेला, दुसरा गुडघ्यात वर उचललेला, अंग मागे झुकलेलं आणि चेंडू डोक्याच्याही वर. हाच त्याचा ‘फेडअवे’, म्हणजे मागे झुकत मारलेला शॉट.

मॅव्हरिक्सचा सर्वांत मोठा खेळाडू हाच, यावर डॅलसमध्ये सहसा वाद होत नाही. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : सात फूट उंची! मला हे उत्तर पटत नाही. सात फुटी माणसं एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत, कितीतरी आली नि गेली. एकाच संघाकडून 21 हंगाम खेळलेला मात्र हा एकटाच. 31,560 गुण, 2007 चा सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि 2006 च्या अंतिम फेरीत ज्या मायामीकडून हरला त्यांनाच हरवून 2011 चं विजेतेपद. माझ्या मते या सगळ्याच्या मुळाशी एक कोन आहे.

डर्कला जर्मनीत घडवलं होल्गर गेश्विंडनरने. हा गृहस्थ 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीकडून खेळलेला, आणि गणित-भौतिकशास्त्र शिकलेला. पोरगा हाताशी आल्यावर त्याने आधी विचार केला तो चेंडूच्या कमानीचा.

ही कमान समजून घ्यायला एक बांगडी घ्या. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा : नुसती रेघ दिसेल. आता बांगडी हळूहळू खाली न्या. रेघेचा लंबगोल होतो, आणि अगदी वरून पाहिलं की पूर्ण गोल. रिंगकडे येणाऱ्या चेंडूलाही ती अशीच ‘दिसते’. रिंगचा व्यास 45.7 सेंमी, चेंडूचा सुमारे 24. चेंडू 45 अंशांत उतरला तर त्याला 32 सेंमीची फट मिळते. 30 अंशांत उतरला तर जेमतेम 23, म्हणजे कडेला न घासता तो आत जाऊच शकत नाही.

मग शॉट जितका उंच तितका चांगला? तसंही नाही. फार उंच फेकायला जोर जास्त लागतो, आणि जोर वाढला की चूकही वाढते. कोन आणि लागणारा वेग यांचा आलेख काढला तर तो कढईसारखा दिसतो. तळाशी वेग सर्वांत कमी. तो तळ सापडतो इथे : 45 अंश, अधिक हातापासून रिंगपर्यंतच्या चढाच्या कोनाचा अर्धा भाग. फ्री थ्रो, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून कुणीही न अडवता मारायचा शॉट, घेऊ. रेषेपासून रिंगचा मध्य 4.19 मीटर दूर, 3.05 मीटर उंच. हवेचा अडथळा सोडून दिला, तर 2.1 मीटर उंचीवरून चेंडू सोडणाऱ्याला तळाचा कोन मिळतो 51.4 अंश, आणि चेंडू उतरतो 38.6 अंशांत. फट 28.5 सेंमी. हाच चेंडू 2.6 मीटरवरून सोडला तर फट होते 30.5 सेंमी. म्हणजे हात अर्धा मीटर वर गेल्याचा फायदा, दोन सेंटिमीटर!

आता खरी गंमत. पहिल्याच, बुटक्या खेळाडूने कोन वाढवून 55 अंश केला तर? फट जाते जवळजवळ 32 सेंमीवर, उंच माणसाच्याही पुढे. आणि त्यासाठी जास्तीचा वेग किती? सेकंदाला 7.17 मीटरऐवजी 7.21. कढईचा तळ सपाट असतो ना, म्हणून कोन थोडा हलला तरी वेगाला त्याचा पत्ताही लागत नाही. कमान उंच करणं इतकं स्वस्त आहे, हे मी स्वतः गणित मांडलं तेव्हा कितीतरी वेळ कागदाकडे बघत बसलो होतो.

उंचीचा उपयोग डर्कने दुसरीकडे केला, बचाव करणाऱ्याच्या हातावरून चेंडू काढायला. मागे झुकत उडी मारली की दोघांत अंतर पडतं, वर उचललेला गुडघा ते राखतो. पण शरीर मागे जात असेल तर त्याचा वेग चेंडूतून वजा होतो, आणि तेवढी भरपाई मनगटाने दर वेळी अचूक करावी लागते. हे फक्त तासन्‌तास केलेल्या सरावानेच येतं.

म्हणूनच ‘उपजत देणगी’ हा शब्द मला खटकतो, आणि तोल-ताकद वाढवणारे होलोग्रामचे मनगटी पट्टे तर संतापच आणतात. खेळाडूंच्या हातात ते सर्रास दिसू लागले होते. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने 2010 मध्ये विकणाऱ्यांकडून कबूल करून घेतलं, की दाव्याला विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही. आपल्याकडचे गंडेदोरे निदान स्वस्त तरी असतात.

मे 2011 मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध डर्कने 24 फ्री थ्रो घेतले आणि 24 ही आत टाकले. वयाबरोबर उडी कमी होते, पाय जड होतात. कोन तसाच राहतो. 9 एप्रिल 2019 ला डॅलसमधला आपला शेवटचा सामना तो खेळला, तेव्हा चाळिशीचा होता. त्या रात्री त्याने 30 गुण केले.