मानस की निर्णय? डच सैन्य उरुझगानला गेलं त्याची पार्श्वभूमी

नेदरलँड्सच्या मंत्रिमंडळाने 22 डिसेंबर 2005 रोजी, नाताळ तोंडावर असताना, संसदेला एक पत्र पाठवलं. दक्षिण अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतात 1,200 ते 1,400 सैनिक दोन वर्षांसाठी पाठवायचे, तिथे स्थैर्य आणायचं आणि पुनर्बांधणीला हात लावायचा, असा त्याचा आशय. हेलमंद ब्रिटिशांकडे आणि कंदाहार कॅनडाकडे जाणार होतं. त्यांच्या उत्तरेचा डोंगराळ उरुझगान डचांनी घ्यावा, अशी नाटोची अपेक्षा होती.

घोळ झाला तो एका शब्दामुळे. सैनिक पाठवण्याचा निर्णय झाला आहे, असं त्या पत्रात म्हटलंच नव्हतं. सरकारचा तसा मानस आहे, एवढंच होतं. डच भाषेत 'फोरनेमन'. 'शासनाचा मानस आहे' आणि 'शासन निर्णय निघाला आहे' यांत किती अंतर असतं, हे मंत्रालयाचे खेटे घातलेल्या कुठल्याही मराठी माणसाला सांगावं लागणार नाही. डच संसद जिथे बसते त्या हेगमध्येही लोकांच्या ते लगेच ध्यानात आलं.

हा शब्द सहज पडलेला नव्हता. तीन पक्षांच्या आघाडीकडे 150 पैकी 77 जागा होत्या. त्यांतल्या सहा जागांचा सर्वात छोटा पक्ष या मोहिमेच्या उघड विरोधात होता आणि त्याचे मंत्री त्याच मंत्रिमंडळात बसत होते. 'निर्णय' म्हटलं असतं तर त्या मंत्र्यांना एकतर मान डोलवावी लागली असती, नाहीतर राजीनामा द्यावा लागला असता. 'मानस' म्हटल्यावर दोन्ही टळलं. आधी संसद काय म्हणते ते पाहू, मग आमचं ठरवू, अशी ती वाट होती.

पण संसदेला हे मानवणार कसं? डच राज्यघटनेचं कलम 100 सन 2000 मध्ये आलं. त्याप्रमाणे सैन्य परदेशी पाठवण्याआधी सरकारने संसदेला माहिती द्यायची असते. कलमात शब्द 'माहिती' असा आहे, 'संमती' असा नाही. व्यवहारात मात्र भक्कम बहुमत पाठीशी असल्याशिवाय एकही मोठी तुकडी हलत नाही. म्हणजे कागदावर जबाबदारी सरकारची आणि प्रत्यक्षात किल्ली संसदेकडे. आता सरकारच म्हणू लागलं की आमचं अजून ठरलेलं नाही, तर संसदेने मत द्यायचं तरी कशावर? छोटा पक्ष बाजूला काढला की आघाडीच्या जागा उरत 71. त्यामुळे 42 जागांचा विरोधी मजूर पक्ष निर्णायक ठरला होता, आणि सरकारने आधी आपलं घर सावरावं असं त्याचं म्हणणं होतं. ही ओढाताण जानेवारीत बरेच दिवस चालली आणि अखेर सरकारची भूमिका 'हा निर्णयच समजा' इथवर आली. या काळात वर्तमानपत्रांनी उरुझगानच्या लोकांविषयी जेवढं लिहिलं, त्याहून जास्त त्या एका शब्दाविषयी लिहिलं असेल.

2 फेब्रुवारी 2006 च्या चर्चेत मोठं बहुमत मोहिमेच्या बाजूने उभं राहिलं, मजूर पक्षासह. छोट्या पक्षाने विरोध कायम ठेवला, पण सरकार काही पाडलं नाही; दुसऱ्या दिवशी पायउतार झाला तो त्यांचा संसदीय नेता. गंमत म्हणजे त्याच वर्षी जूनमध्ये तो पक्ष आघाडीतून बाहेर पडला आणि सरकार कोसळलं. कारण वेगळंच होतं, एका खासदार बाईंच्या नागरिकत्वाचं.

एवढी धास्ती कशाची होती? बोस्नियातल्या एका गावाच्या नावाची: स्रेब्रेनित्सा. जुलै 1995 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं हे 'सुरक्षित क्षेत्र' हलक्या शस्त्रांच्या डच तुकडीच्या डोळ्यांदेखत पडलं आणि पुढे सुमारे आठ हजार बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले गेले. एप्रिल 2002 मध्ये त्यावरचा चौकशी अहवाल आला आणि अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सैन्य पाठवण्याआधी तपासायच्या कसोट्या स्रेब्रेनित्साच्या धक्क्यानंतर अधिक काटेकोर झाल्या: आदेश स्पष्ट आहे का, शस्त्रं पुरेशी आहेत का, अडचणीत मदतीला कोण येणार. म्हणून 'पुनर्बांधणी'च्या या मोहिमेच्या सामानात अपाची हेलिकॉप्टरं आणि एफ-16 विमानं होती. अमेरिकेच्या दहशतवादविरोधी मोहिमेपासून हे काम वेगळं राहील, आपण अफगाण सरकारच्या ताब्यात दिलेल्या कैद्याला फाशी होणार नाही, अशा हमीही डचांनी मागून घेतल्या. प्रांताचा बदनाम गव्हर्नर हटवावा, हा आग्रहही त्यांचाच, आणि तो 2006 मध्ये हटलाही.

मोहिमांना सौम्य नावं देण्याची डच सवय तशी जुनी. इंडोनेशियात 1947 आणि 1948 मध्ये चालवलेल्या युद्धाला त्यांनी 'पोलिसी कारवाई' म्हटलं होतं. हैदराबाद संस्थानातल्या सप्टेंबर 1948 च्या लष्करी मोहिमेला मराठवाड्यात आजही 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात. योगायोग एवढ्यापुरताच, बाकी दोन्हींची तुलना नको.

उरुझगानला डचांनी जोडलेला शब्द होता 'ऑपबाउ', म्हणजे उभारणी. त्याला थोडाफार आधारही होता. इराकच्या अल मुथन्ना प्रांतात 2003 ते 2005 या काळात डच सैनिक होते. हेल्मेट न घालता बाजारात फिरणं, लोकांशी बोलणं यातून तिथे 'डच पद्धत' असा लौकिक तयार झाला. दोन सैनिक मेले, तरी लौकिक टिकला. मग उत्तर अफगाणिस्तानातल्या बघलानमध्ये, पुल-ए-खुमरी इथे, एक छोटं पुनर्बांधणी पथक 2004 ते 2006 राहिलं आणि बऱ्यापैकी शांतपणे परतलं. लष्करी संरक्षणात विकासकाम करणाऱ्या या पथकांची कल्पना अमेरिकनांची. पहिलं पथक 2003 च्या सुरुवातीला गार्देझला बसलं. न्यूझीलंडने बामियान घेतलं, लिथुआनियाने घोर. लहान देशांना सोसेल असं हे काम होतं, निदान तुलनेने शांत भागांत तरी. बघलानचा अनुभव उरुझगानला लावणं ही या साऱ्या प्रकरणातली मोठी चूक होती, असं मला वाटतं.

'उभारणीची मोहीम की लढाईची?' हा प्रश्न ऑगस्ट 2006 मध्ये सैन्य रुजू झाल्यावरही सुटला नाही. जून 2007 मध्ये तालिबानने उरुझगानमधल्या चोरा खोऱ्यावर चाल केली. तिथे चार-पाच दिवस लढाई झाली आणि तारिन कोटच्या तळावरून स्वयंचलित हॉवित्झर तोफांनी कित्येक किलोमीटर पलीकडच्या त्या खोऱ्यात मारा केला. मेलेल्यांत नागरिक बरेच होते. विहिरी, शाळा, दवाखान्यांची यादी संसदेत वाचून दाखवणाऱ्या सरकारला त्यानंतर तोफांचा हिशेबही द्यावा लागला.

तरीही 30 नोव्हेंबर 2007 रोजी मोहिमेला 2010 पर्यंत मुदतवाढ मिळाली. एव्हाना मजूर पक्ष सत्तेत होता. एप्रिल 2008 मध्ये नवे सेनाप्रमुख रुजू झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा सैन्यात असलेला मुलगा उरुझगानमध्ये रस्त्यातल्या स्फोटात गेला. अफगाणिस्तानातल्या डच मृतांची संख्या 2010 पर्यंत 25 झाली.

फेब्रुवारी 2010 मध्ये नाटोने लहानशा स्वरूपात का होईना, पण थांबा, असं पत्र पाठवलं. मजूर पक्षाने यावेळी शब्दांत पळवाट ठेवली नाही. आम्ही मतदारांना 2010 सांगितलंय, म्हणाले. रात्रभराच्या बैठकीनंतर 20 फेब्रुवारीच्या पहाटे सरकार पडलं आणि 1 ऑगस्टला डचांची उरुझगान मोहीम संपली.

पुढच्याच वर्षी 545 जणांची मोहीम उत्तर अफगाणिस्तानातल्या कुंदूझला निघाली, पोलीस प्रशिक्षणासाठी. आम्ही शिकवलेले पोलीस लढाईत वापरायचे नाहीत, ही तिची अट. 2013 च्या उन्हाळ्यात तीही आवरली.

चोराचं प्रकरण मात्र मिटलं नाही. तिथल्या एका क़ल्यावर, म्हणजे मातीच्या उंच भिंतींच्या वाड्यावर, जून 2007 मध्ये बॉम्ब टाकले होते. त्यात घरची माणसं गमावलेल्या अफगाणांनी डच सरकारवर दावा लावला. नोव्हेंबर 2022 मध्ये हेगच्या न्यायालयाने तो हल्ला बेकायदा ठरवून भरपाई द्यायला सांगितलं. तो वाडा लष्करी लक्ष्य का मानला, याची पुरेशी माहिती सरकारला देता आली नव्हती.