फुटांतला एलबीओ आणि डेसिबलमधला एलबीओ

टी-१ म्हणजे तांब्याच्या जोडीवर चालणारी १.५४४ मेगाबिटची डिजिटल टेलिफोन लाइन. तिच्या लाइन इंटरफेस चिपच्या डेटाशीटमध्ये ट्रान्समीटरच्या पानावर बहुधा तीन बिटांचा एक छोटा तक्ता असतो. त्याचं नाव लाइन बिल्ड-आउट, म्हणजेच एलबीओ. लाइनवर सोडायची पल्स किती जोरकस असावी, हे त्यातून निवडतात. डॅलस सेमिकंडक्टरच्या डीएस२१५१ या चिपमध्ये ००० ते १०० हे पाच कोड फुटांचे आहेत: ०-१३३, १३३-२६६, २६६-३९९, ३९९-५३३ आणि ५३३-६५५. त्यापुढचे १०१, ११० आणि १११ मात्र उणे ७.५, उणे १५ आणि उणे २२.५ डेसिबलचे. सगळे एकाच रांगेत बसवल्यामुळे नवख्याला वाटतं, कोड वाढवला की सिग्नल एकाच दिशेने बदलत जाईल. प्रत्यक्षात १०० वर पल्स सर्वांत जोरकस असते आणि पुढच्याच १०१ वर ती निम्म्याहूनही खाली येते. एकाच नावाखाली दोन उलटी कामं लपलेली आहेत, ती वेगळी ओळखता यायलाच हवीत.

लाइन इंटरफेसला फ्रेमरकडून, म्हणजे डेटाच्या चौकटी बांधणाऱ्या भागाकडून, १.५४४ मेगाहर्ट्झच्या क्लॉकसोबत डेटा मिळतो. प्रत्येक १ साठी एक पल्स, आलटून पालटून धन आणि ऋण. ० साठी काहीच नाही. एका बिटाला ६४८ नॅनोसेकंद मिळतात आणि पल्स त्यातला निम्मा वेळ, म्हणजे ३२४ नॅनोसेकंद टिकते. ही पल्स चिप लहान लहान पायऱ्या रचून घडवते. मग ड्रायव्हर ती ट्रान्सफॉर्मरमधून १०० ओहमच्या तांब्याच्या जोडीवर ढकलतो. एलबीओचे बिट या पल्सचा आकार ठरवतात.

फुटांचा एलबीओ इमारतीच्या आतला. यंत्रापासून डीएसएक्स-१ या क्रॉस-कनेक्ट फ्रेमपर्यंत, म्हणजे लाइन एकमेकींना जोडण्याच्या चौकटीपर्यंत, जाणाऱ्या केबलसाठी तो असतो. फ्रेमवर पोचलेल्या पल्सची उंची २.४ ते ३.६ व्होल्टच्या दरम्यान असावी आणि तिचा आकार ठरलेल्या साच्यात बसावा, असा नियम आहे. साचा लागू होतो तो फ्रेमवर. चिपच्या पायांशी पल्स कशी दिसते याला महत्त्व नाही. केबल उच्च वारंवारता जास्त खाते, त्यामुळे पल्सच्या कडा बोथट होतात. म्हणून चिप आधीच पल्सची पुढची कड उंच काढते आणि शेवटी तिला शून्याच्या खाली थोडी बुडवते. केबल जेवढं खाणार, तेवढं आधीच जास्त दिलेलं असतं. केबल लांब, तर जोर जास्त.

डेसिबलचा एलबीओ इमारतीबाहेरच्या लाइनचा. अमेरिकेत बेल सिस्टिमने टी-१ सेवा १९६२ मध्ये सुरू केली. बाहेरच्या तांब्याच्या केबलवर साधारण दर ६००० फुटांवर रिपीटर (सिग्नल पुन्हा ताजा करणारी यंत्रं) बसवलेले असत आणि एकाच केबलमध्ये अनेक जोड्या शेजारी शेजारी धावत. समजा, एक ग्राहक रिपीटरच्या अगदी जवळ आहे. त्याने पूर्ण ताकदीने पल्स सोडली, तर ती दुरून थकून आलेल्या शेजारच्या सिग्नलांवर सांडते. हाच क्रॉसटॉक. तो टाळण्यासाठी चिप जणू मधे आणखी केबल आहे असं भासवते: पल्स बुटकी करते आणि कडा गोलसर करते. उणे २२.५ डेसिबलवर ३ व्होल्टची पल्स जेमतेम ०.२२ व्होल्ट उरते. इथे केबल लांब असेल, तर कपात कमी.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की इथे चूक केली तर तिचा त्रास दुसऱ्यालाच होऊ शकतो. शून्य डेसिबल ठेवून तुमची लाइन स्वच्छ चालते, तुमच्या काउंटरवर एकही चूक दिसत नाही, आणि शेजारच्या जोडीवर मात्र बायपोलर व्हायोलेशन, म्हणजे लागोपाठच्या दोन पल्स एकाच चिन्हाच्या दिसण्याच्या चुका, साचत जातात. ते शोधणाऱ्याला तुमच्या रजिस्टरचा संशयही येत नाही.

डीएस२१५१ मध्ये ०००चे अर्थ दोन आहेत: ०-१३३ फूट किंवा शून्य डेसिबल. आकार एकच, त्यामुळे तेवढ्या एका कोडवर गोंधळ झाला तरी चालून जातं. इतरत्र चालत नाही. कोड निवडण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: जोडीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे? इमारतीतली फ्रेम असेल, तर केबलची लांबी मोजायची, आणि तीही भिंतीवरून, ट्रेमधून फिरत जाणाऱ्या वाटेची. बाहेरची लाइन असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने सांगितलेला आकडा घ्यायचा. लांबीवरून स्वतः अंदाज बांधायचा नाही. तिथली घट ७७२ किलोहर्ट्झला मोजतात.

टी-१ची युरोपीय भावंड असलेल्या २.०४८ मेगाबिटच्या ई-१ मध्ये ही निवडच नाही. तिथे साचा ट्रान्समीटरच्या आउटपुटवरच तपासतात आणि १०२४ किलोहर्ट्झला ६ डेसिबलपर्यंतची घट रिसीव्हरने सोसायची असते. ठरवायचं ते एवढंच, की केबल ७५ ओहमची कोअॅक्सियल आहे की १२० ओहमची जोडी.

फुटांचा कोड बरोबर निवडला का, हे ऑसिलोस्कोपवर दिसतं. केबल फ्रेमच्या टोकाला १०० ओहमवर टर्मिनेट करा आणि एक १ व सात ० असा पॅटर्न पाठवा. सलग शून्यांच्या जागी ठरलेला पॅटर्न घालणारं बी८झेडएस हे कोडिंग सलग आठ शून्यांवरच हस्तक्षेप करतं, त्यामुळे ते चालू असलं तरी पल्स एकटी आणि सुटी दिसते. माथा सपाट नसून सुरुवातीलाच टोक काढून उभा असेल, तर केबलच्या मानाने कोड मोठा झालाय.