होमिओपॅथीचं औषध काम कसं करतं? शोधामागची पार्श्वभूमी

होमिओपॅथीचं औषध पायरीपायरीने, दर वेळी शंभरपट विरळ करतात; अशा किती पायऱ्या झाल्या ते पोटन्सीचा आकडा सांगतो. बारा पोटन्सीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणू हाती लागणंही कठीण, आणि ३० पोटन्सीत तर १०च्या ६०व्या घातापर्यंत विरलीकरण झालेलं असतं. १७९६मध्ये ही पद्धती मांडली गेली तेव्हा हा हिशेब करायची सोय नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेणूंचा आकार अंदाजात आला आणि पेच उभा राहिला. तरीही प्रयोगशाळेत तो खऱ्या अर्थाने गाजला १९८८मध्ये.

पॅरिसजवळच्या एका सरकारी प्रयोगशाळेने दावा केला की, रेणू उरलाच नसेल इतका विरळ केलेला प्रतिपिंडांचा द्रावही रक्तातल्या विशिष्ट पांढऱ्या पेशींवर परिणाम करतो. लंडनच्या एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने ३० जूनला तो लेख छापला, पण अट घालून: आमचं पथक येऊन प्रयोग तपासेल. पथकात स्वतः संपादक, एक जादूगार आणि संशोधनातल्या लबाड्या हुडकणारा एक शास्त्रज्ञ होता. खुल्या चाचण्यांत परिणाम दिसला. मग कोणत्या नळीत काय आहे हे कळू नये म्हणून नळ्यांना सांकेतिक क्रमांक दिले, त्या क्रमांकांची यादी पाकिटात बंद करून छताला चिकटवली, आणि परिणाम नाहीसा झाला. दोन सहलेखकांचा पगार होमिओपॅथिक औषधांच्या एका कंपनीकडून येत होता, हेही अहवालाने नोंदवलं. २८ जुलैला तो छापूनही आला.

तपासणीचा निष्कर्ष मला पटतो, क्रम नाही. शंका होती तर आधी तपासायचं, मग छापायचं. आधी छापल्यामुळे दाव्याला प्रतिष्ठा मिळाली, आणि जादूगार नेल्यामुळे समर्थकांना छळाची तक्रार करायला जागा मिळाली. ती तक्रार आजही केली जाते. मूळ प्रश्न मात्र मागे पडला.

‘पाण्याची स्मृती’, म्हणजे द्रव्य उरलं नाही तरी पाण्याच्या रचनेत त्याची खूण राहते ही कल्पना; हा शब्दप्रयोग याच वादात रुळला. पण द्रवरूप पाण्यातली हायड्रोजन बंधांची (पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी जोडणाऱ्या दुव्यांची) रचना ५० फेमटोसेकंदांच्या (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग) आतच विस्कटते, असं २००५मध्ये मोजलं गेलं. शिवाय दुकानातल्या साखरेच्या गोळीवर पडलेलं औषध वाळूनच गेलेलं असतं.

२०१०मध्ये वादाने दिशा बदलली, तीही मुंबईत. पवईच्या एका नामवंत तंत्रशिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी सोनं, चांदी, तांबं, कथील, जस्त आणि प्लॅटिनम यांपासून बनवलेली बाजारातली औषधं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. २०० पोटन्सीतही धातूचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, आढळले. औषध जोरात हलवताना कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि वरच्या थरासोबत पुढच्या बाटलीत जातात, असं स्पष्टीकरण २०१२मध्ये मांडलं गेलं. कल्पना सुंदर आहे. पण कण आहेत म्हणजे रोग बरा होतो असं नाही, आणि बेलाडोना, नक्स व्होमिका यांसारख्या वनस्पतिजन्य औषधांना हा अभ्यास लागूच होत नाही. त्यातच सहा पोटन्सीपुढे धातूचं प्रमाण फारसं घटलेलं दिसलं नाही. मग ३० आणि २०० पोटन्सीत फरक तो कोणता, हे समर्थकांनाच सांगावं लागेल.