वय झाले म्हणून ताठरता गेली? आधी शुगर-बीपी बघा
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबायचे आणि मग हळूच विचारायचे, “भाऊ, ती गोळी शे का?” पन्नाशी ओलांडलेली बरीच मंडळी अशीच येतात. घरी सांगितलेले नसते, डॉक्टरांना तर नाहीच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ ते १९८९ दरम्यान ४० ते ७० वयाच्या सुमारे १,३०० पुरुषांची पाहणी झाली. त्यातल्या ५२ टक्के पुरुषांना लिंगाला ताठरता न येण्याची किंवा न टिकण्याची तक्रार कमी-अधिक प्रमाणात होतीच. तेव्हा लाजण्यासारखे यात काही नाही.

वयाने नेमके काय होते

इच्छा झाली किंवा स्पर्श झाला की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने लिंगातले स्नायू सैल पडतात, आतल्या बारीक पोकळ्या रक्ताने भरतात आणि त्या फुगल्या की रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. अशी ताठरता येते आणि टिकते. वय वाढते तसे नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होते, लवचीक स्नायूंच्या जागी राठ तंतू येतात, शिरा पुरत्या दाबल्या जात नाहीत आणि रक्त लवकर परत फिरते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोनही चाळिशीनंतर वर्षाला साधारण १ टक्का उतरते, पण त्याचा संबंध जास्त करून इच्छेशी. इच्छा आहे आणि ताठरता नाही, तर बहुधा रक्तवाहिन्याच तपासाव्या लागतात.

साठीत वेळ जास्त लागणे, नुसत्या विचाराने न भागणे, एकदा झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत न जमणे, हे वयाचेच. त्यावर औषध शोधू नका. पण तीन-तीन महिने जमतच नसेल, तर वयावर ढकलून मोकळेही होऊ नका.

लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम १-२ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३-४ मिलिमीटर. केळीच्या बागेत पाणी गढूळ आले की आधी ड्रीपर चोंदतो, मेन लाइन बऱ्याच नंतर. इथेही तसेच. हृदयविकाराची लक्षणे दिसण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी अनेकांना ही तक्रार सुरू झालेली असते. म्हणून गोळी मागायच्या आधी शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासा. मधुमेह तर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवतो. तंबाखू आणि विडीने रक्तवाहिन्या आकसतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पुड्या मात्र अजून खिशात दिसतात.

बीपीच्या काही गोळ्या आणि प्रोस्टेटची फिनास्टराइड यांनीही हा त्रास वाढू शकतो. शंका आली तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. स्वतःहून बंद करू नका, बीपी वाढून येणाऱ्या लकव्यापेक्षा हे परवडले.

पहाटे झोपेत ताठरता येते का, असे डॉक्टर विचारतील. येत असेल तर नसा-रक्तवाहिन्या बऱ्यापैकी ठीक असाव्यात, आणि मग मनावरच्या ताणाकडे, म्हणजे कर्ज, कापसाचा भाव, घरातली भांडणे यांकडे वळावे लागेल.

गोळीबद्दल

ताठरतेची गोळी सिल्डेनाफिल १९९८ मध्ये बाजारात आली. आधी तिचा अभ्यास छातीतल्या कळांसाठी चालला होता. ती इच्छा निर्माण करत नाही, फक्त रक्त यायला मदत करते. अर्धा ते एक तास आधी घ्यायची. तूप ओतलेली वरण-बट्टी खाऊन घेतली तर असर उशिरा होतो. मग लोक दुसरी गोळी घेतात, ते करू नका. डोके दुखणे, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे हे नेहमीचे. टॅडालाफिल या अशाच दुसऱ्या गोळीचा असर ३६ तासांपर्यंत राहतो. दोन्ही गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही.

सर्वात महत्त्वाचे: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटचे दुसरे कोणतेही औषध चालू असेल, तर यातली कोणतीच गोळी अजिबात नको. नायट्रेट आणि ही गोळी मिळून बीपी इतका खाली जातो की जीव जाऊ शकतो. गोळी घेतल्यावर छातीत दुखले, तर दवाखान्यात पहिल्यांदा हेच सांगा, शेजारी नातेवाईक उभे असले तरी. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. ताठरता ४ तासांहून जास्त राहिली तर तडक दवाखाना गाठा.

स्टँडजवळच्या भिंतींवर जाहिरात असलेली ‘ताकदीची’ चूर्णे आम्ही ठेवत नाही. अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले वारंवार सापडले आहे. म्हणजे सॉर्बिट्रेट घेणारा माणूस ‘जडीबुटीच आहे’ म्हणून तेच खातो.

आठवड्यातून चार दिवस ४० मिनिटे, दम लागेल इतके भरभर चालणे सहा महिने टिकवले तर फरक पडतो, असे अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते सूर्य उगवायच्या आत उरका. पाळी गेल्यावर बायकोलाही कोरडेपणाने त्रास होतो; त्यासाठी जेल मिळते, तिच्याशी बोलून घ्या.

येताना चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे आणा, नाव आठवत बसू नका. दुपारी दुकानात गर्दी नसते. काउंटरवर बोलायला अवघड वाटले तर कागदावर लिहून द्या, आम्ही मोठ्याने वाचणार नाही.