विंडोज पुन्हा टाकताना काम अडले, तर
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लॅपटॉप संथ झाला, त्यात व्हायरस शिरला किंवा सुरू होताना निळा पडदा दिसू लागला, की बहुतेक जण विंडोज नव्याने टाकायचे ठरवतात. याच कामाला आपण सगळे 'फॉरमॅट मारणे' म्हणतो. काम सुरळीत झाले तर एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) असलेल्या लॅपटॉपवर ते बहुधा तासाभरात उरकते. ते मध्येच अडले, तर मात्र घाईत दाबलेले एखादे बटण मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान करून जाते. दुरुस्तीसाठी आमच्याकडे येणाऱ्या अशा लॅपटॉपमध्ये विंडोज टाकणे हे काम सहसा अवघड नसते. अवघड असते ते आदल्या रात्री घरी पुसला गेलेला डेटा परत मिळवणे. हे पत्रक त्या आदल्या रात्रीसाठी लिहिले आहे.

पहिले काम: हात आवरा आणि पडद्याचा फोटो घ्या

काम अडल्यावर पडद्यावर जो संदेश दिसतो, त्याचा मोबाइलने स्पष्ट फोटो काढावा. 'काहीतरी एरर आली होती' एवढ्यावरून निदान करता येत नाही. संदेशातील आकडा किंवा एखादे वाक्य मिळाले, तर निम्मे काम तिथेच होते. विंडोजमधूनच विंडोज नव्याने टाकण्याचा 'रीसेट धिस पीसी' हा मार्ग वापरताना 'रीसेट करताना अडचण आली, कोणताही बदल केलेला नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला, तर घाबरण्याचे कारण नाही. आपल्या फायली जागेवर आहेत, असाच त्याचा अर्थ आहे. लॅपटॉपमध्येच साठवलेल्या विंडोजच्या रिकव्हरी फायली बिघडल्या असल्या की बहुधा हे घडते. अशा वेळी तेच बटण पाच वेळा दाबण्यापेक्षा 'क्लाउड डाउनलोड', म्हणजे इंटरनेटवरून नव्या फायली उतरवण्याचा पर्याय, निवडावा. त्यासाठी सुमारे ४ जीबी डेटा खर्च होतो, हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

टक्केवारीचा आकडा बराच वेळ हलत नसला, तरी लगेच पॉवरचे बटण दाबून ठेवू नये. जुन्या, फिरत्या हार्डडिस्कच्या लॅपटॉपवर हे काम काही तास चालू शकते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, असे समजावे. आकडा आणि दिवा दोन्ही तीन तास निश्चल राहिले, तरच बंद करण्याचा विचार करावा, असा आमचा प्रघात आहे. चार्जर अर्थातच पहिल्यापासून जोडलेला असावा. लोडशेडिंगच्या भागात बॅटरी किती वेळ टिकते, याची खात्री आधीच करून घ्यावी.

डेटा कुठे असतो आणि तो कसा जातो

'माझे सगळे डी ड्राइव्हवर आहे, त्याला काही होत नाही,' असे पुष्कळ ग्राहक निर्धास्तपणे सांगतात. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. विंडोज टाकताना डिस्क निवडण्याची जी यादी येते, तिच्यात सी, डी ही अक्षरे दिसत नाहीत. तिथे फक्त डिस्कचा क्रमांक, कप्प्याचा क्रमांक आणि आकार दिसतो. १०० एमबीचा एक, १६ एमबीचा एक, मग दोन मोठे आणि शेवटी पुन्हा एक लहान, असे पाच-सहा कप्पे पाहून माणूस गोंधळतो आणि 'सगळेच काढून टाकू' म्हणून एकेकावर 'डिलीट' दाबत जातो. इथे एक गोष्ट कटाक्षाने लक्षात ठेवावी: या यादीत 'डिलीट' दाबल्याबरोबर कप्पा खरोखरच पुसला जातो, 'नेक्स्ट' दाबण्याची वाट तो पाहत नाही. डिस्क एसएसडी असेल, तर पुसलेली जागा ती आतल्या आत मोकळी करून टाकते आणि मग डेटा परत मिळण्याची आशा फारच थोडी उरते. जुन्या हार्डडिस्कवर निदान प्रयत्न तरी करता येतो. ज्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकतो, तोसुद्धा या यादीत वेगळी डिस्क म्हणून दिसतो. घाईत त्याचेच कप्पे काढून टाकणारेही आम्ही पाहिले आहेत.

डेटा बाहेर काढलेला नसेल आणि तरीही विंडोज टाकावेच लागत असेल, तर जुन्या विंडोजचाच कप्पा निवडून, तो 'फॉरमॅट' न करता, पुढे जावे. तेव्हा जुन्या फायली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. तो फोल्डर कायमचा टिकत नाही, विंडोज तो काही दिवसांनी आपोआप काढून टाकते, म्हणून फायली लगेच दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

व्यापारी ग्राहकांना एक विशेष सूचना. टॅलीचा डेटा 'डॉक्युमेंट्स'मध्ये असतोच असे नाही. टॅलीत कंपनी निवडतानाच्या पडद्यावर त्याचा मार्ग दिसतो, तो आधी टिपून ठेवावा. रीसेट करताना 'कीप माय फाइल्स' (माझ्या फायली ठेवा) हा पर्याय निवडला, तरी आपण टाकलेली सॉफ्टवेअर निघून जातात. त्यामुळे डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते उपकरण विंडोजला ओळखता यावे म्हणून लागणारे सॉफ्टवेअर), प्रिंटरचा ड्रायव्हर आणि जुन्या मराठी फॉन्टच्या फायली हाताशी ठेवाव्यात. श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्षानुवर्षांची पत्रे फॉन्टच नसल्यामुळे निरर्थक अक्षरांसारखी दिसू लागली, की माणूस हवालदिल होतो. प्रत्यक्षात फाइल शाबूत असते.

४८ अंकांची किल्ली

अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. विंडोजमध्ये या सोयीचे नाव बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असे आहे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदल केला, की पुढच्या वेळी लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ही की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या खात्यात बहुधा जमा असते. आता तो लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला होता, हे आठवावे. आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांत ते खाते कधी पुण्याच्या भाच्याचे निघते, कधी विकणाऱ्या दुकानातल्या मुलाचे. की मिळाली नाही, तर विंडोज नव्याने टाकता येते, पण आतला डेटा कोणीही, आम्हीसुद्धा, वाचू शकत नाही. म्हणून बायोसला हात लावण्यापूर्वी की शोधून कागदावर लिहून ठेवावी.

डिस्कच दिसत नाही

या एका प्रकारावर आम्ही जरा विस्ताराने लिहीत आहोत, कारण यात ग्राहकांचा पैसा विनाकारण जातो. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतले, सगळे पडदे नीट पार पडले आणि डिस्क निवडायच्या ठिकाणी यादी रिकामी दिसली, 'एकही ड्राइव्ह सापडला नाही' असा संदेश आला, म्हणजे डिस्क जळाली असे नव्हे. इंटेलचे ११व्या किंवा त्यापुढच्या पिढीचे प्रोसेसर असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसला, तर डिस्क असूनही दिसत नाही. मध्यंतरी शिकवणी वर्ग चालवणाऱ्या एका बाईंना दुसऱ्या एका ठिकाणी 'एसएसडी गेली' असे सांगून नवी बसवण्याचा खर्च सांगण्यात आला होता. त्या लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आल्या. ड्रायव्हर दिल्याबरोबर यादीत त्यांची ५१२ जीबीची डिस्क, जी विंडोजमध्ये नेहमी ४७६ जीबी दिसते, जशीच्या तशी उभी राहिली.

हे घरीही करता येते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल निवडून 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' हा ड्रायव्हर उतरवावा, तो दुसऱ्या संगणकावर उलगडून त्यातून निघालेला फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवावा आणि रिकाम्या यादीखालच्या 'लोड ड्रायव्हर'मधून तो फोल्डर दाखवावा. चूक बहुधा उलगडण्यात होते: लोक उतरवलेली एकच फाइल तशीच्या तशी पेनड्राइव्हवर टाकतात आणि तिच्या आतले सेटअपला दिसत नाही. बायोसमधून व्हीएमडी बंद करण्याचा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास दिला जातो. त्याने डिस्क दिसते हे खरे, पण आतले जुने विंडोज त्यानंतर बहुधा निळ्या पडद्यावर अडकते. तसे झाले, तर ती सेटिंग पूर्ववत केली की ते पुन्हा चालू होते, म्हणून डेटा काढायचा राहिला असेल त्यांनी आधी तेवढे करावे. आणि बायोसमध्येसुद्धा डिस्कचे नाव दिसत नसेल, तर मात्र डिस्क सैल बसली आहे किंवा खरोखरच गेली आहे.

एमबीआर आणि जीपीटीचा तंटा

'या डिस्कवर एमबीआर पद्धतीचा तक्ता आहे, विंडोज टाकता येणार नाही' असा संदेश जुन्या लॅपटॉपवर येतो. एमबीआर ही डिस्कवरच्या कप्प्यांच्या मांडणीची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी. लॅपटॉप नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू झाला आहे आणि डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची आहे, एवढाच हा बेबनाव असतो. सगळे कप्पे पुसले की संदेश जातो, पण त्याबरोबर डेटाही जातो. मांडणी डेटा न पुसता बदलण्यासाठी विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाची आज्ञा आहे. तीही आम्ही डेटाची प्रत घेतल्याशिवाय चालवत नाही.

पेनड्राइव्हचे दोष

अर्धवट उतरलेली फाइल, किंवा ६४ जीबी म्हणून विकलेला पण आतून त्याहून कितीतरी लहान असलेला पेनड्राइव्ह, यांमुळेही काम ठरावीक टक्क्यांवर मोडते. संदेशात ८००७०५७० हा आकडा दिसला, तर फायली खराब आहेत किंवा वाचता येत नाहीत, असे समजावे. मायक्रोसॉफ्टच्या 'मीडिया क्रिएशन टूल'ने निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह नव्याने तयार करावा (त्यावर आधीचे जे असेल ते पुसले जाते) आणि तो दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहावा. पेनड्राइव्ह बदलूनही प्रत्येक वेळी वेगळ्याच टप्प्यावर काम मोडत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. पट्टी काढून, साफ करून पुन्हा बसवणे एवढ्यानेही कधी कधी काम होते. पहिला रीस्टार्ट झाल्यावर पुन्हा सुरुवातीचाच पडदा आला, तर तो बिघाड नव्हे: लॅपटॉप परत पेनड्राइव्हवरून सुरू झाला आहे, तो काढून घ्यावा.

लायसन्स आणि विंडोज ११

२०१२ नंतर विंडोजसह विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते. ती विचारली, तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडून पुढे जावे. भारतात विकलेल्या अनेक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. त्याऐवजी कोणी 'प्रो' टाकले, की लायसन्स जुळत नाही आणि ग्राहकाला वाटते की आपले लायसन्स गेले. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर ११ टाकण्याची मागणी वाढली आहे. टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) नसल्याचा संदेश आला, तर ते बायोसमध्ये नुसते बंद आहे का, हे आधी पाहावे. इंटेलच्या लॅपटॉपवर त्याचे नाव पीटीटी आणि एएमडीच्या लॅपटॉपवर एफटीपीएम असे असते. प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या यादीत नसेल, तर आडवाटेने ११ टाकून देण्याचे काम आम्ही घेत नाही.

दुकानात येताना

लॅपटॉपबरोबर चार्जर, पडद्याचे फोटो आणि वापरलेला पेनड्राइव्ह आणावा. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आम्हाला सांगू नये. तो लागेल तेव्हा आपण स्वतः टाइप करावा. डेटा हवा आहे की नको, हे आम्ही पावतीवर लिहून घेतो आणि तो रकाना रिकामा असेल, तर काम सुरू करत नाही.